मंगळावरच्या महादऱ्या आणि रोव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंगळाची चित्रं दाखवायला आम्ही काही जण मुंबईतल्या शाळांमध्ये आणि वाचनालयांमध्ये जातो. दादर, गिरगाव, मुलुंड, कधी पार बदलापूर. पडद्यावर व्हॅलेस मॅरिनेरिस ही मंगळावरची महादरी आली की मागच्या बाकांवरची कुजबुज थांबते आणि दिवे लागल्याबरोबर हात वर होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे. सगळ्यात अवघड प्रश्न सह्याद्रीत भटकणारे विचारतात, त्यामुळे त्यांची उत्तरं लांबली आहेत.

ही दरी नेमकी केवढी आहे?

लांबी ४,००० किलोमीटरहून जास्त. मुंबई ते दिल्ली हा रेल्वेचा रस्ता साधारण १,४०० किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ तीनदा दिल्ली. कन्याकुमारीपासून काश्मीरच्या उत्तर टोकापर्यंतचा आपला देश सुमारे ३,२०० किलोमीटर, तो हिच्यात आडवा ठेवला तरी जागा उरेल. रुंदी बऱ्याच ठिकाणी २०० किलोमीटरपर्यंत, आणि मध्यभागी जिथे मेलास, कँडर आणि ओफिर या तीन दऱ्या एकमेकींना मिळतात तिथे सुमारे ६०० किलोमीटर.

खोली सात किलोमीटरपर्यंत. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. तळावर चार कळसूबाई एकावर एक रचल्या तरी वरच्या देवळाचा कळस काठाच्या खालीच राहील. अमेरिकेतली ग्रँड कॅन्यन ४४६ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त १.८ किलोमीटर खोल आहे. त्यात मंगळाचा व्यास पृथ्वीच्या निम्म्याच्या आसपास, म्हणून ही दरी त्या ग्रहाच्या परिघाचा जवळपास पाचवा हिस्सा व्यापते.

नदीनं कोरलेली घळई आहे का ही?

नाही, आणि हा गैरसमज आमच्या चित्रांमुळेच होतो, कारण शेजारी आम्ही ग्रँड कॅन्यन दाखवतो. ती कोलोरॅडो नदीनं कोरली. व्हॅलेस मॅरिनेरिसला शाळेच्या भूगोलातला योग्य शब्द ‘खचदरी’ हा आहे. तिच्या पश्चिमेला थार्सिस नावाचा ज्वालामुखींचा प्रचंड फुगवटा आहे. तो वर येत गेला, तसं आजूबाजूचं कवच ताणलं गेलं, भेगा पडल्या आणि भेगांमधला भाग खाली खचला. आपली नर्मदा ज्या खोलगट पट्ट्यातून वाहते तो खचदरीचाच आहे, हे सांगितलं की मुलांना लगेच उमगतं.

पाण्याचा हात लागलाच नाही असं मात्र नाही. दरडी कोसळून दरी रुंदावत गेली. पूर्वेच्या टोकाला प्रचंड पूर वाहून गेल्याच्या खुणा आहेत, त्या थेट क्रायसी मैदानापर्यंत जातात. १९७६ साली व्हायकिंग १ हे यान याच मैदानात उतरलं होतं. मेलासच्या नैर्ऋत्य भागात एक जुनं तळं असावं असं तिथल्या गाळाच्या पंख्यांवरून दिसतं.

‘मॅरिनेरिस’ हे नाव कशावरून?

मॅरिनर ९ या यानावरून. १४ नोव्हेंबर १९७१ रोजी ते मंगळाच्या कक्षेत पोहोचलं. दुसऱ्या ग्रहाभोवती फिरणारं ते पहिलं यान. पोहोचलं तेव्हा सगळा ग्रह धुळीच्या वादळाखाली होता, चार ज्वालामुखींचे माथे तेवढे वर दिसत होते. काही आठवडे नुसती वाट पाहण्यात गेले. १९७२ च्या सुरुवातीला धूळ बसू लागली आणि खाली ही दरी उघडी पडली. मला हा प्रसंग फार आवडतो. माळशेजला पहाटे धुकं भरलेलं असताना काठावर थांबलेल्यांना तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मंगळाच्या दऱ्यांतही सकाळी धुकं असतं. दरीच्या पश्चिमेला नॉक्टिस लॅबिरिंथस नावाचा घळींचा चक्रव्यूह आहे. तिथलं पहाटेचं धुकं व्हायकिंगच्या कक्षेतल्या यानानं टिपलं होतं.

सह्याद्रीतल्या माणसाला तिथे ओळखीचं काय दिसेल?

भिंतीतले थर. आपल्या घाटांत कड्याकडे पाहिलं की एकावर एक आडवे पट्टे दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकामागून एक वाहिले आणि थंड झाले, त्यांची ती थप्पी. भूशास्त्रातल्या ‘डेक्कन ट्रॅप’मधला ‘ट्रॅप’ हा शब्दही पायरीवरूनच आला आहे. मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाच्या कॅमेऱ्यानं व्हॅलेस मॅरिनेरिसच्या भिंतींची बारकाईनं चित्रं घेतली. तिथेही तसेच थर निघाले, काही मीटरपासून काही दशक मीटर जाडीचे, आणि ते वरपासून खोल तळापर्यंत. हे बहुतेक लाव्हाचे लोट असावेत असा अंदाज १९९९ साली मांडला गेला.

मुंबईतल्या मुलांना मी अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचं उदाहरण देतो. इमारतींच्या गर्दीत उभा असलेला तो साठेक मीटर उंचीचा बेसॉल्टच्या उभ्या खांबांचा कातळ. लाव्हा सावकाश थंड होत आकसला की असे खांब बनतात. मंगळावर तसेच खांब सापडल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं, तेही एका विवराच्या भिंतीत.

पण एवढा खटाटोप कशासाठी? सपाट जमिनीवरही दगड आहेतच की.

आहेत, पण ते वरच्या पानावरचे. पृथ्वीवर जुना खडक टिकत नाही. भूपट्ट सरकतात, खाली जातात, वितळतात, उरलेलं पाऊस झिजवतो. मंगळावर ही ढवळाढवळ झाली नाही. साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीचे आणि त्याहून जुने खडक तिथे जागच्या जागी आहेत, फक्त जमिनीखाली पुरलेले. विंधन विहीर खणून तिथपर्यंत जायचं तर कैक किलोमीटर खोदावं लागेल. कुठल्याही रोव्हरला, म्हणजे तिथे पाठवलेल्या चाकांच्या यंत्रगाडीला, ते शक्य नाही. रोव्हरची यंत्रं काही सेंटीमीटर खोदतात. या दरीत ते खोदकाम निसर्गानं आधीच करून ठेवलं आहे. सात किलोमीटरचा इतिहास भिंतीवर उघडा आहे आणि आपण तो फक्त वरून, यानातून वाचतो आहोत. खालचा थर जुना आणि वरचा नवा, एवढं तिथून कळतं. प्रत्येक थर कशाचा, तो बनला तेव्हा पाणी होतं का, किती काळ होतं, हे जवळ जाऊन हात लावल्याशिवाय कळणार नाही.

मग आजवर तिथे एखादा रोव्हर गेला आहे का?

व्हॅलेस मॅरिनेरिसमध्ये नाही. लहान दऱ्यांमध्ये मात्र गेले आहेत, आणि तिथून मिळालेलं वाचलं की मोठ्या दरीची ओढ आणखी वाढते.

क्युरिऑसिटी हा रोव्हर २०१२ मध्ये गेल विवरात उतरला आणि २०१४ पासून तिथल्या डोंगरावर चढतो आहे. तिथल्या गेडिझ व्हॅलिस नावाच्या ओहोळात असताना, मे २०२४ मध्ये, त्याच्या चाकाखाली एक दगड फुटला आणि आतून पिवळे स्फटिक निघाले. शुद्ध गंधक. गंधकाची संयुगं मंगळावर भरपूर आहेत, पण नुसतं गंधक त्याआधी कधी सापडलं नव्हतं.

पर्सिव्हिअरन्स फेब्रुवारी २०२१ मध्ये जेझेरो विवरात उतरला. विवरात पाणी आणणाऱ्या नेरेत्वा व्हॅलिस या जुन्या नदीच्या पात्रात जुलै २०२४ मध्ये त्याला ‘चेयावा फॉल्स’ हे नाव दिलेला दगड दिसला. त्यावर बिबट्याच्या अंगावरच्यासारखे ठिपके आहेत. पृथ्वीवर असे ठिपके सूक्ष्मजीवांच्या कामामुळे होऊ शकतात, आणि जीवाशिवायही होऊ शकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचा शोधनिबंध आला, त्यातही याला ‘संभाव्य खूण’ एवढंच म्हटलं आहे. ‘मंगळावर जीव सापडला’ असे संदेश तेव्हा व्हॉट्सॲपवर खूप फिरले. तसं झालेलं नाही. नमुना नळीत बंद आहे आणि तो पृथ्वीवर आल्याशिवाय याचा निकाल लागणं कठीण आहे.

व्हॅलेस मॅरिनेरिसमध्येच यान का उतरवत नाहीत?

विचार झाला होता. २००४ मध्ये उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटीसाठी मेलास दरी शेवटच्या यादीत होती. नाव गळलं ते वाऱ्यामुळे. दिवसा ऊन तापलं की उंच भिंतींच्या कडेनं हवा वर-खाली वाहते आणि पॅराशूटला लटकलेलं यान आडवं भरकटू शकतं.

दुसरी अडचण नेमकेपणाची. यान एका बिंदूवर उतरत नाही, लंबवर्तुळाच्या आकाराच्या एका पट्ट्यात कुठेतरी उतरतं. त्या दोघा रोव्हरांच्या वेळी हा पट्टा सुमारे १५० किलोमीटर लांब होता. क्युरिऑसिटीच्या वेळी तो २० बाय ७ किलोमीटरवर आला, पर्सिव्हिअरन्सला त्याहूनही लहान मिळाला. त्याला उतरता उतरता खालची जमीन पाहून धोक्याची जागा टाळताही येत होती. त्यामुळे जी जागा २००४ ला अशक्य वाटत होती ती आज तशी वाटत नाही. मेलासचं नाव पर्सिव्हिअरन्सच्या वेळीही पुन्हा चर्चेत आलं होतं.

एक गोष्ट दरीच्या बाजूची आहे. तळ खोल असल्यामुळे वर हवेचा जाड थर मिळतो. मंगळाची हवा पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी दाबाची, पण सात किलोमीटर खाली गेलं की काठापेक्षा दाब जवळजवळ दुप्पट होतो. पॅराशूटला तेवढी हवा मोलाची असते.

कडा सरळसोट असेल ना? कोकणकड्यासारखा?

चित्रांवरून तसं वाटतं, कारण उंची खुलून दिसावी म्हणून बऱ्याच चित्रांत ती ताणलेली असते. प्रत्यक्षात भिंतींचा उतार सरासरी ३० अंशांच्या आसपास आहे. वरच्या भागात उघडा कातळ आणि उभे कडे, खाली घसाऱ्याची लांबच लांब उतरण. म्हणजे कोकणकड्यापेक्षा एखाद्या नाळेशी, कड्यातून उतरणाऱ्या चिंचोळ्या घळीशी, साम्य जास्त. घसाऱ्यावरून नाळ उतरलेल्यांना ठाऊक आहे की ३० अंशांची सैल मुरमाड उतरण उभ्या कातळाइतकीच त्रास देते.

रोव्हरचं तेच होतं. मार्च २०१६ मध्ये ऑपॉर्च्युनिटीनं ३२ अंशांचा चढ चढायचा प्रयत्न केला. चाकं जमिनीला धरून फिरली असती तर २० मीटर अंतर कापलं गेलं असतं एवढी फिरली. रोव्हर पुढे सरकला ९ सेंटीमीटर. शेवटी ज्या दगडापर्यंत जायचं होतं त्याचा नाद सोडावा लागला. त्याआधी स्पिरिट २००९ मध्ये वरून टणक आणि आतून भुसभुशीत असलेल्या मातीत रुतला तो कधीच निघाला नाही. क्युरिऑसिटीच्या ॲल्युमिनियमच्या चाकांचा पत्रा पाऊण मिलिमीटर जाडीचा. टोकदार दगडांवरून गेल्यानं त्याला भोकं पडली आणि पुढच्या रोव्हरची चाकं बदलावी लागली.

व्हॅलेस मॅरिनेरिसच्या तळाशी शतकोटी वर्षांत कोसळलेल्या दरडी आहेत. काही दरडींचा राडारोडा दरीत कित्येक दशक किलोमीटर आत पसरला आहे. भिंतीचं शास्त्र जिथे आहे तिथेच चाकाचा रस्ता संपतो, ही या सगळ्या विषयातली खरी अडचण आहे. तळाच्या सपाटीवर रोव्हर पोचवणं पुढेमागे जमेल. तळापासून भिंतीत शिरायचं आणि वर चढायचं कसं, याचं उत्तर अजून कोणाच्या हातात नाही.

आम्ही सांदणला दोर लावून उतरतो. रोव्हरला तसं उतरवता येणार नाही का?

हा प्रश्न डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारला होता आणि मला मनापासून आनंद झाला, कारण अभियंते नेमकं हेच करून पाहत आहेत. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत ‘ॲक्सल’ नावाचा दोनच चाकांचा रोव्हर बनवला आहे. असे दोन ॲक्सल जोडले की चार चाकांची गाडी होते. कड्याच्या टोकाशी आली की गाडी दुभंगते. एक अर्धा वर बसून राहतो, दुसरा दोरावरून खाली उतरतो. दोर वरच्याकडे नसतो, खाली जाणारा तो स्वतःच्याच पोटातून सोडत जातो. त्यामुळे दोर काठाच्या दगडावर घासत नाही. वीज आणि माहिती त्याच दोरातून ये-जा करते. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात याच्या चाचण्या झाल्या आहेत.

सांदण उतरलेला कोणीही पुढचा प्रश्न विचारेल: वरचा बांध किती पक्का? आपण दोर बांधण्याआधी खडक ठोकून पाहतो, आवाज ऐकतो, शंका आली तर जागा बदलतो. मंगळावर तो निर्णय यंत्रानं घ्यायचा आहे, आणि चुकला तर सोडवायला कोणी जाणार नाही. माझ्या मते चाकं आणि मोटारी यांच्यापेक्षा हा निवाडा जास्त कठीण आहे.

दुसरे मार्गही आहेत. ‘लेमूर’ नावाचा चार पायांचा यंत्रमानव शेकडो बारीक गळांनी खडकाला धरून चढतो. जर्मनीच्या अंतराळ संस्थेनं तर खास व्हॅलेस मॅरिनेरिस डोळ्यांपुढे ठेवून ‘व्हामेक्स’ हा प्रकल्प चालवला आहे. त्यात एकच मोठा रोव्हर नाही, उडणारी, चालणारी आणि चाकांची यंत्रं मिळून काम करतात. एक अडकलं तर बाकीची पुढे जातात. ट्रेकला एकट्यानं जाऊ नये, हाच तो नियम.

एवढ्या खोलात गेल्यावर सिग्नल मिळतो का?

दरीच्या मध्यावर काही अडचण नाही. भिंत १०० किलोमीटर दूर असेल तर सात किलोमीटर उंची क्षितिजावर जेमतेम चार अंश भरते, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन-तीन बोटांएवढी. दरीत आहोत हे कळणारसुद्धा नाही. भिंतीच्या पायथ्याशी मात्र एका बाजूचं आकाश झाकलं जातं. रोव्हर आपली बहुतेक माहिती मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांना देतो आणि ती यानं पृथ्वीकडे पाठवतात. असं यान डोक्यावरून काही मिनिटांतच निघून जातं. भिंतीमुळे त्यातली मिनिटं कमी होतात.

रोव्हर इथून रिमोटनं चालवतात का?

नाही. मंगळापर्यंत संदेश जायला ३ ते २२ मिनिटं लागतात, उत्तर यायला परत तेवढीच. खड्डा दिसला म्हणून थांबवायला जाल तोवर गाडी खड्ड्यात. म्हणून दिवसभराच्या सूचना एकदम पाठवतात आणि रोव्हर त्या दिवसभर पाळतो. वाटेतले दगड तो आता बऱ्यापैकी स्वतः ओळखून टाळतो. वेग ताशी दीडशे मीटरच्या आसपास. ऑपॉर्च्युनिटीनं चौदा वर्षांहून जास्त काळात ४५ किलोमीटर अंतर कापलं, म्हणजे सीएसएमटीहून निघून डोंबिवलीच्या थोडं अलीकडे.

वीज कुठून येते?

क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स हे मोठे दोन्ही रोव्हर प्लुटोनियमच्या उष्णतेवर वीज करतात, सुरुवातीला सुमारे ११० वॅट. आपल्या छताच्या दीड पंख्याएवढी. सौर तावदानं दरीत बेभरवशाची: भिंतीची सावली आणि वर धूळ. २०१८ च्या धुळीच्या वादळात ऑपॉर्च्युनिटी कायमचा गप्प झाला, तो सौर विजेवरच चालत होता.

दरीत पाणी आहे का? जीव असू शकेल?

डिसेंबर २०२१ मध्ये युरोपच्या ट्रेस गॅस ऑर्बिटर यानाच्या मोजणीतून कळलं की कँडर दरीच्या एका भागात, साधारण नेदरलँड्स देशाएवढ्या, वरच्या मीटरभर मातीत हायड्रोजनचं प्रमाण खूप आहे. तो सगळा पाण्यात असेल तर त्या मातीचा ४० टक्क्यांपर्यंत भाग पाणी ठरतो. बर्फाच्या रूपात किंवा खनिजात अडकलेलं. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ ही गोष्ट मोठी आहे. याशिवाय दरीत जिप्सम आणि दुसरे सल्फेट क्षार आहेत, ते पाण्याशिवाय होत नाहीत.

उन्हाळ्यात उतारांवर उमटणाऱ्या काळसर रेघांबद्दलही विचारतात. २०१५ मध्ये ते खारं पाणी असल्याचं गाजलं. २०१७ च्या अभ्यासात असं दिसलं की रेघा फक्त वाळू घसरण्याइतक्या तीव्र उतारावरच होतात. म्हणजे बहुतेक कोरडी वाळूच.

जीवाबद्दल आज एवढंच सांगता येतं की शोधायला ही जागा चांगली आहे. पण जिथे ओल असण्याची शक्यता तिथे पृथ्वीवरचे जंतू नेऊ नयेत यासाठी फार कडक नियम आहेत, आणि ते असायलाच हवेत. आपणच नेलेला जंतू तिथे सापडला तर एवढ्या वर्षांचा शोध फुकट जाईल.

हेलिकॉप्टर पाठवलं तर?

इन्जेन्युइटीनं ते करून दाखवलं. १.८ किलोचं ते हेलिकॉप्टर पाच उड्डाणांसाठी नेलं होतं. एप्रिल २०२१ ते जानेवारी २०२४ दरम्यान त्यानं ७२ केली. भिंतीचे थर समोरून, उभ्यानं पाहायचे तर उडणाऱ्या यंत्राला पर्याय नाही. दरीतली दाट हवाही त्याला मानवेल. वाऱ्याचं काय करायचं हा प्रश्न उरतोच.

आपल्या मंगळयानानं ही दरी पाहिली का?

हो, आणि छान पाहिली. २४ सप्टेंबर २०१४ रोजी कक्षेत पोहोचलेल्या मंगळयानानं १९ जुलै २०१५ रोजी १,८५७ किलोमीटर उंचीवरून ओफिर दरीचं चित्र घेतलं. त्यावरून इस्रोनं त्रिमितीय दृश्यही तयार केलं. आम्ही कार्यक्रमाची सुरुवात त्यानंच करतो.

दुसऱ्या ग्रहांवर अशा दऱ्या आहेत?

शुक्रावर लाव्हानं कोरलेला बाल्टिस व्हॅलिस हा ६,८०० किलोमीटर लांबीचा मार्ग आहे, पण तिथे तापमान ४६० अंशांच्या घरात, त्यामुळे आजचा कुठलाही रोव्हर टिकणार नाही. शनीच्या टायटन या चंद्रावर शेकडो मीटर खोल घळया आहेत आणि त्यांच्या तळाशी द्रवरूप मिथेन आहे.

माझ्या मुलीला यातच काम करायचं आहे. मुंबईत काय करता येईल?

वरळीचं नेहरू तारांगण आणि शेजारचं विज्ञान केंद्र यांपासून सुरुवात करा. आयआयटी मुंबईत विद्यार्थ्यांचा मार्स रोव्हर चमू आहे. अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात २००७ पासून विद्यार्थ्यांच्या रोव्हरांची स्पर्धा होते, तीत उतरण्यासाठी ही मुलं खपतात. पण माझं मत विचाराल तर तिला भूशास्त्राचीही गोडी लावा. पालक विचारतात ते रोबोटिक्सबद्दल. रोव्हर बनवणारे पुष्कळ आहेत, रोव्हरनं पाठवलेला दगड वाचणारे त्या मानानं थोडे. लोणारला न्या. बेसॉल्टवर उल्का आदळून झालेलं ते विवर मंगळाच्या अभ्यासकांना फार महत्त्वाचं वाटतं. माळशेजला गेलात तर धबधब्याकडे पाठ करून दहा मिनिटं समोरच्या कड्यातले थर मोजायला लावा.

दुर्बिणीतून दरी दिसेल का?

आमच्या दुर्बिणीतून नाही. नारिंगी टिकली, ध्रुवावरचा पांढरा ठिपका आणि काही काळसर डाग दिसतात. १९ फेब्रुवारी २०२७ रोजी मंगळ आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येईल. त्या सुमारास तो मघा ताऱ्याच्या जवळपास असेल, संध्याकाळी पूर्वेला उगवेल आणि मध्यरात्री मुंबईच्या जवळजवळ डोक्यावर येईल. गच्चीची किल्ली सोसायटीकडून आधीच मागून ठेवा.